चोडणची फेरी

रायबंदरच्या धक्क्याला फेरीबोट लागते
तेव्हा बाबा पाण्याकडे बघत नाहीत.
धक्क्यामागच्या माडाला कुणीतरी निळा डबा बांधलाय,
तो बघतात.
ओहोटी बोटीला पणजीकडे ओढत असते,
इंजिन उलटं घुरघुरत असतं
आणि लोखंडी फळी टेकून राहते
पंधरा स्कूटर, पदेराची सायकल,
कोंबडा काखेत धरलेली एक म्हातारी
उतरून जाईपर्यंत.

सहा वर्षांची असल्यापासून मी या केबिनमध्ये उभी आहे.
दाबोळीकडून नौदलाचं हेलिकॉप्टर यायचं,
खारफुटीतले बगळे उठायचे,
मी मान मोडेपर्यंत वर,
बाबा डब्याकडे.

पहिली वाट नौदलाची.
भोपाळला पाच दिवस छातीवर नंबर लावून
दोरावरून, फळीवरून, पिंपावरून.
चित्र दाखवून विचारलं, काय दिसतं?
नदी, सर.
आणि यात?
नदीच, सर.
शेवटच्या दिवशी जे नंबर वाचले त्यात माझा नव्हता.
पुढच्या वर्षीही नव्हता.
मग वय निघून गेलं. घरात कुणी काही बोललं नाही.
आईने तेवढं सुंगटांचं हुमण केलं,
सोमवार असून.

दुसरी वाट पैशाची.
तिच्यावर आधी डॉक्टर भेटतात:
ठिपक्यांतला आकडा वाच, कानात शिट्टी वाजली की बोट वर कर.
मग पुस्तकं. वारा, नियम, दिशा,
ढगांची नावं पाठ करताना पहाटेची पहिली खेप सुटायची.
मग बँक.
साखळकरसाहेबांनी चष्मा काढून विचारलं,
तारण काय?
म्हटलं, आडनावच तारी आहे.
ते हसले नाहीत.
डोंगरावरच्या काजूंचा तुकडा लिहून घेतला
आणि जामीन म्हणून मामाची सही,
जी करताना मामाचं पेन दोनदा अडलं.

कमांडर अथाईद शिकवायचे. निवृत्त,
पोटात भात गेल्याशिवाय धड बोलायचे नाहीत.
डावा हात वर-खाली, उजवा चहूकडे, पाय शेपटीसाठी.
पुढे जाणं तिसऱ्या दिवशी जमलं.
थांबणं जमेना.
जमिनीपासून दहा फुटांवर ते यंत्र
धिरयोतल्या रेड्यासारखं मान झटकायचं,
एक चूक सावरावी तर तिला दोन पिल्लं.
"खाली काय पळयता? लांब बघ! काहीतरी एक धर!"
मी कुंपणापलीकडची पाण्याची टाकी धरली.
टाकी निळी होती.
मनगटं आपसूक बारीक हलायला लागली,
थांबायला जेवढं हलावं लागतं तेवढीच,
आणि तिथे, मधल्यामध्ये, हवेला धक्का लागला.
बोटीला लागतो तो.

एकोणनव्वद तास झाले. दीडशे लागतात.
उरलेले एकसष्ट कुठून येणार
ते साखळकरसाहेबांनाही माहीत नाही.
पुढे नोकरी मिळाली तर समुद्रातल्या तेलविहिरींवर
माणसं सोडायची, माणसं आणायची.
म्हणजे फेरीच की, बाबा म्हणाले,
तिकीट तेवढं महाग.

आज शेवटच्या आधीची खेप.
इनास पदेर विचारतो, "विमान चलयता गो तूं?"
विमान नाही रे, दुसरं.
त्याच्या टोपलीचं झाकण डोक्यावर गरगर फिरवून दाखवते.
तो एक उंडो हातावर ठेवतो, पैसे घेत नाही,
झाकण मात्र घाईने परत घेतो.

रायबंदर जवळ येतं. फळी खाली जाते.
तेवढ्यात वर आधी आवाज, मग दिवा.
मी सवयीने मान वळवते
आणि बघते तर बाबांची मान माझ्याआधी वर,
तोंड थोडं उघडं,
डोळ्यांत तो लाल दिवा लुकलुकतोय.
फळी धक्क्यावरून कर्रकन घसरते,
स्कूटरवाले शिव्या घालतात,
कुणाचा तरी कोंबडा ओरडतो.

बाबा, मी म्हणते,
डबा. डबा बघा.